थंडीपेक्षा ओल घातक

डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गार वाऱ्याने जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात शेकडो मेंढ्या-शेळ्या दगावल्या. एरवी याहून कडक, पण कोरडी थंडी त्या दरवर्षी सोसतात. म्हणजे घात करते ती ओल: भिजलेल्या लोकरीत उबदार हवा टिकत नाही आणि वारा अंगातली उरलीसुरली ऊब ओढून नेतो. म्हणून आधी वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा, खाली कोरडं पाचट पसरा.

‘मग गोठा चारही बाजूंनी बंदच करू’ असं बरेच जण म्हणतात. कृपा करून नका करू! शेळीच्या नाकाच्या उंचीपर्यंत वाकून बघा. डोळे चुरचुरले तर तो मुतापासून सुटलेला अमोनिया आहे, आणि त्याने फुफ्फुसं कमजोर होऊन न्यूमोनियाला वाट मिळते. छपराखाली वीतभर फट हवीच. कडबाही वाढवा, कारण तो पोटात आंबताना आतून ऊब देतो. भिजलेलं करडू आधी पुसून कोरडं करा, शेकोटीचं नंतर बघा.