आठवडाभर थांबायला लावणारा जुगार

केरळ सरकारने १९६७ मध्ये लॉटरी खाते उघडले आणि २६ जानेवारी १९६८ रोजी पहिली सोडत काढली. तिकीट एक रुपयाचे होते, पहिले बक्षीस ५०,००० रुपयांचे. पाठोपाठ १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. घरात संगणक नव्हता आणि फोनसुद्धा मोजक्यांकडेच होता, त्या काळातली ही लॉटरी. आज बोटाच्या टोकावर क्षणात डाव लागतो. त्याच्यापुढे तिकीट घेऊन सोडतीची वाट पाहणे मागासलेले वाटेल. पण जुन्या लॉटरीने सामान्य माणसाचे जे थोडेफार रक्षण केले, ते तिच्या संथपणानेच केले. जुगाराने माणूस किती बुडतो हे बक्षिसाच्या आकड्यापेक्षा दुसरा डाव किती लवकर लावता येतो यावर जास्त अवलंबून असते.

ती यंत्रणा कशी चालत असे ते आधी पाहू. सरकार मालिका आणि क्रमांक घालून ठराविक संख्येने तिकिटे छापून घेई. घाऊक एजंटांकडून ती किरकोळ विक्रेत्यांकडे जात आणि एसटी स्टँड, रेल्वे स्थानक, बाजारपेठ अशा ठिकाणी टेबलावर किंवा पुठ्ठ्यावर मांडलेली दिसत. क्रमांक आधीच छापलेला असल्यामुळे विक्रेत्यासमोरच्या तिकिटांतून निवड करायची, एवढेच गिऱ्हाइकाच्या हाती असे. ठरलेल्या दिवशी पंचांच्या देखत चक्रे फिरत, एकेक अंक पुढे येई आणि निकाल वर्तमानपत्रांत छापून येत. तिकीट जपून ठेवायचे, निकालाचे पान शोधायचे, क्रमांक ताडून पाहायचा. लहान बक्षीस विक्रेताच देऊन टाकी. मोठ्यासाठी मूळ तिकीट मुदतीत सरकारी कार्यालयात हजर करावे लागे. या रचनेत तीन लगाम आपोआप बसलेले होते. तिकिटे मोजकी असत, पैसे खिशातून काढून रोख द्यावे लागत आणि हरल्याचे कळेपर्यंत बरेच दिवस गेलेले असत. हरलेली रक्कम लगेच भरून काढण्याची जी ऊर्मी जुगाऱ्याला खोल नेते, तिला इथे वावच नव्हता.

याच काळात मुंबईत मटका जोरात होता, त्यामुळे तुलना करणे सोपे जाते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर आधी पैज लागे. ते भाव येणे बंद झाल्यावर कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये आपापला मटका सुरू केला. शून्य ते नऊपैकी एका आकड्यावर पैसे लावायचे आणि तो लागला तर नऊपट घ्यायचे, हा साधा हिशेब. म्हणजे सरासरीने रुपयामागे दहा पैसेच जात. सरकारी लॉटरीत छपाई, कमिशन आणि खजिन्याचा वाटा वजा झाल्यावरच बक्षिसे निघत, त्यामुळे तिकीट घेणाऱ्याचे रुपयामागचे नुकसान याहून पुष्कळ जास्त असे. कागदावर मटकाच गिऱ्हाइकाच्या फायद्याचा ठरतो. पण मटक्यात रोज ओपन आणि क्लोज असे दोन डाव. आठवड्याचे सहा दिवस दोन्ही डावांवर एकेक रुपया लावला, तर सरासरी एक रुपया वीस पैसे जातात. आठवड्याला एक रुपयाचे तिकीट घेणाऱ्याचा अख्खा रुपया बुडाला तरी तो इतका हरत नाही. शिवाय मटक्याला छापील तिकिटांची मर्यादा नव्हती. बुकी घेईल तेवढी रक्कम चिठ्ठीवर चढे. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरांना मटक्याची धास्ती होती, ती या वेगापायी आणि या मोकळिकीपायी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मटका चिठ्ठ्यांवर आणि टेलिफोनवर चालला, मग संगणकाला आणि इंटरनेटला दोष का द्यावा? दोष यंत्राचा नाही, हे मला मान्यच आहे. १९९० च्या दशकात काही राज्यांच्या नावाने निघालेल्या एक अंकी लॉटऱ्याही कागदावरच होत्या. दिवसातून अनेक सोडती निघू लागल्या आणि सरकारी शिक्क्याखाली मटकाच चालू झाला. म्हणूनच संसदेच्या १९९८ च्या लॉटरी कायद्याने एका अंकावर बक्षीस देण्यास मनाई केली आणि कोणत्याही एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत नको असे ठरवले. पूर्वी जो लगाम छपाई आणि वाहतुकीच्या अडचणींमुळे आपोआप बसत होता, तो आता कायद्याने घालावा लागला. तोही पुरेसा घट्ट नाही. केरळात आजही फक्त छापील तिकिटे विकली जातात, पण वारागणिक वेगळ्या नावाची लॉटरी असल्याने सोडत रोज निघते. कागद म्हणजे संथपणा, असे समीकरण मांडता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. लॉटरी मुळातच गरिबाच्या आशेवर बसवलेला कर आहे. तो आठवड्याने घेतला काय आणि तासाने घेतला काय, अन्याय तोच. जुनी लॉटरी निष्पाप होती असा माझा दावा नाही. राज्याने चालवली तरी लॉटरी हा जुगारच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केले आहे. पण सरसकट बंदीने आशा संपत नाही, ती चोरवाटेने जाते. सरकारने लॉटरी काढली त्यामागे लोकांना मटक्यापासून वळवण्याचा विचारही होता. खरा धोका आहे तो सरकारच्या स्वतःच्या लोभाचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत कोलकात्याचा टाउन हॉल लॉटरीच्या पैशातून १८१३ मध्ये उभा राहिला. मुंबईच्या टाउन हॉलसाठीही लॉटरी काढली गेली, पैसा अपुरा पडला तेव्हा सरकारने उरलेला खर्च उचलला आणि १८३३ मध्ये इमारत पुरी झाली. तिथे काम ठरलेले होते, काम झाले की सोडतीचे कारणही संपे. अंदाजपत्रकातली कायमची जमेची बाजू झालेल्या लॉटरीला असा शेवट नसतो. महसूल वाढवायचा तर सोडती वाढवायच्या, हाच मोह मग राज्याला पडतो.

म्हणून लॉटरी चालू ठेवावी की बंद करावी, एवढाच वाद घालणे अपुरे आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला. त्यानंतरही छापील लॉटरीचा प्रश्न राज्यांपुढे उरतोच. कोणताही खेळ परवानगीसाठी आला की राज्यकर्त्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. हरल्यावर पुढचा डाव किती वेळाने लावता येतो? एका माणसाला एका दिवसात जास्तीत जास्त किती घालवता येते? आणि सोडती वाढवण्याचा निर्णय, त्यातून महसूल मिळवणाऱ्या खात्याच्याच हाती आहे का? जुन्या लॉटरीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे परिस्थितीनेच देऊन टाकली होती. आता ती परिस्थिती परत येणार नाही. ती उत्तरे कायद्यात लिहावी लागतील, आणि महसूल बुडाला तरी पाळावी लागतील.