मुकुटाजवळचा सहजीवी जोडतारा

पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या रात्री नळदुर्ग-परंड्याच्या माळावरून आकाश स्वच्छ दिसते. मेच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास स्वातीकडून ईशान्येला उगवणाऱ्या अभिजितकडे नजर नेली, की वाटेत मंद ताऱ्यांची कमान लागते. ती उत्तर मुकुट. तिच्याशेजारी ‘टी कोरोनी बोरिॲलिस’ हा सहजीवी जोडतारा आहे. एरवी दहाव्या प्रतीचा, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

जोडी कोणाची?

एक तांबडा राक्षसी तारा, दुसरा श्वेत बटू. बटूचे वस्तुमान सूर्याहून जास्त, पण आकार जेमतेम पृथ्वीएवढा. दोघे सुमारे 228 दिवसांत एक फेरी पूर्ण करतात. राक्षसी ताऱ्याचा वायू बटूकडे ओढला जातो आणि त्याच्याभोवती तबकडी बनते.

दृश्य प्रकाश काय सांगतो?

अशा सहजीवी ताऱ्यांच्या वर्णपटात दोन न जुळणाऱ्या खुणा एकत्र दिसतात. टायटॅनियम ऑक्साइडचे काळे पट्टे थंड ताऱ्याचे असतात. हायड्रोजन व हेलियमच्या तेजस्वी रेषा मात्र तप्त बटूच्या अतिनील किरणांनी उजळलेल्या वायूच्या. या विसंगतीवरूनच जोडीदाराचा सुगावा लागतो.

क्ष-किरण कुठून येतात?

तबकडीतला वायू बटूच्या पृष्ठभागालगत एकदम मंदावतो, कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि कठोर क्ष-किरण सोडतो. काही जोड्यांत बटूवर हायड्रोजन जळत असतो. तिथून सौम्य क्ष-किरण येतात. ताऱ्यांचे वारे एकमेकांवर आदळूनही क्ष-किरण निर्माण होतात.

महाराष्ट्राचा वाटा

वातावरण क्ष-किरण अडवते, म्हणून दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. 28 सप्टेंबर 2015 रोजी झेपावलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील सौम्य क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. धनू राशीतील ‘व्ही 3890’ या सहजीवी ताऱ्याचा ऑगस्ट 2019मध्ये स्फोट झाला, तेव्हा तिने त्याच्या क्ष-किरणांतले चढउतार नोंदवले. त्याआधी 2006मध्ये भुजंगधारीतील ‘आरएस’ या अशाच ताऱ्याचा स्फोट झाला होता. त्यातल्या रेडिओ लहरी नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टिपल्या.

काय पाहावे?

बटूवर साचलेला हायड्रोजन पेटला, की मुकुटाशेजारचा हा तारा दुसऱ्या प्रतीपर्यंत उजळतो. 1866 आणि 1946मध्ये तसे घडले. ही उजळी नुसत्या डोळ्यांना काही दिवसच दिसते, म्हणून मुकुटाची नेहमीची कमान आधीच ओळखून ठेवावी. तिच्या पूर्व टोकाजवळ अनोळखी तारा दिसला, तर तो हाच.