कोयत्यामागची पाटी

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला सहकुटुंब निघतो, आणि जूनमध्ये शाळेत दाखल झालेले त्याचे मूल, हजेरीपटावर नाव कायम असूनही, फडाच्या बांधावर वाढे गोळा करीत, धाकट्या भावंडाला कडेवर सांभाळीत, उन्हाळ्यापर्यंत अक्षरांना पारखे होते. पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ मोजणाऱ्या या व्यवहारात मुलाच्या इयत्तेची दखल कुठेच नसावी, हे असह्य आहे. कारखान्याच्या तळावर या मुलांसाठी भरणाऱ्या साखरशाळा उपयुक्त खऱ्या. परंतु मुलाला गावीच, आजी-आजोबांच्या नजरेखाली ठेवून भोजन व अभ्यासाची तजवीज करणारे हंगामी वसतिगृह मला अधिक श्रेयस्कर वाटते, कारण त्यात शाळा, शिक्षक आणि सवंगडी तुटत नाहीत. मात्र त्याचे अनुदान गाड्या गाव सोडण्यापूर्वीच मंजूर झाले पाहिजे.