पहिल्या क्वार्टरला संघ मागे का पडतो?

"डॉक्टर, शेवटच्या दोन क्वार्टरला ह्याच मुली जीव तोडून खेळतात. मग सुरुवातीला यांना होतं काय?" कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळणाऱ्या एका मुलीची आई दवाखान्यात मला विचारत होती. मुलगी शेजारी मान खाली घालून बसली होती. संघ प्रत्येक सामन्यात सुरुवातीलाच दहा-बारा गुणांनी मागे पडायचा आणि सर सगळ्यांना आळशी म्हणायचे.

आळस हे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा सामना सुरू झालेला असतो, पण शरीर अजून तयार झालेले नसते.

पहिल्या काही मिनिटांत शरीरात काय घडते?

घाईने जिना चढताना पहिल्याच मजल्यावर धाप लागते, हा अनुभव तुम्हालाही असेल. जोरात धावायला लागताच स्नायूंची ऑक्सिजनची गरज एकदम वाढते. हृदय आणि फुफ्फुसांना मात्र ती गरज गाठायला साधारण दोन ते तीन मिनिटे लागतात. तोपर्यंत स्नायू स्वतःजवळच्या साठ्यावर काम करतात. म्हणून पाय जड वाटतात आणि श्वास अपुरा पडतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. स्नायू गरम झाला की तो लवकर आकुंचन पावतो आणि उडीत, धावण्यात जास्त जोर येतो. वॉर्म-अपचा खरा उपयोग हाच आहे.

आपल्याकडच्या स्पर्धांत नेमकी इथेच गडबड होते. खेळाडू वॉर्म-अप करतात आणि मग पाहुण्यांची ओळख, हस्तांदोलन, फोटो, दोन शब्द यात पंधरा-वीस मिनिटे उभे राहतात. तेवढ्यात कमावलेली बरीचशी ऊब निघून जाते. एका जागी बसून एकच स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताणून धरण्यानेही त्याचा जोर काही काळ कमी होतो. असे ताण सामन्यानंतर द्यावेत.

सकाळचा सामना आणि अपुरी झोप

शरीराचे तापमान पहाटे सर्वात कमी असते आणि दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सर्वात जास्त. रोज संध्याकाळी सराव करणारा संघ सकाळी आठला मैदानात उतरला, तर तो जड वाटणारच. त्यात रात्रभर एसटीचा प्रवास झाला असेल तर विचारूच नका.

झोपेचा परिणाम किती होतो, याचा एक अभ्यास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघावर झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. ११ खेळाडूंना पाच ते सात आठवडे रात्री १० तास अंथरुणात राहायला सांगितले होते. त्यांचे फ्री थ्रो आणि तीन गुणांचे नेम सुमारे ९ टक्क्यांनी सुधारले, धावण्याचा वेगही वाढला. अभ्यास छोटा होता, पण त्यातला धडा घरी करून पाहण्यासारखा आहे. सामन्याच्या आदल्या रात्रीच नव्हे, तर आदला आठवडाभर नीट झोप हवी.

रिकामे पोट आणि धास्ती

उलटी होईल या भीतीने अनेक मुले काहीच न खाता खेळायला जातात. सामन्याच्या दोन-तीन तास आधी पोहे, उपमा किंवा पोळी-भाजी असे रोजच्या सवयीचे खावे. तेवढा वेळ नसेल तर तासभर आधी एखादे केळे तरी खावे. लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे असे समजा.

सामन्याआधी थोडी धडधड चांगलीच असते. ती फार वाढली की श्वास उथळ होतो, खांदे आखडतात आणि सोपे नेम चुकतात. सुरुवातीला ओरडा बसला की हे आणखी वाढते. श्वास सावकाश, लांब सोडण्याची सवय सरावातच लावा.

तुम्ही काय करू शकता?

१. सामन्याआधी १५ ते २० मिनिटे वॉर्म-अप करा: हलके धावणे, मग हातापायांच्या हालचाली, शेवटी दोन-तीन वेगवान धावा आणि उड्या.
२. मध्ये थांबावे लागले तर अंगात जॅकेट ठेवा आणि जागच्या जागी हालचाल करत राहा.
३. सामना सकाळी असेल तर आधीचे काही दिवस सरावही सकाळीच करा.
४. एनर्जी ड्रिंक हा उपाय नाही. त्याने धडधड वाढते आणि रात्रीची झोपही बिघडते.

एकच खेळाडू मागे पडत असेल तर?

संपूर्ण संघ संथ असेल तर वरचे उपाय पुरतात. पण एकच मुलगी किंवा मुलगा सतत लवकर थकत असेल, तर तपासणी करा.

रक्तक्षय हे मुलींमध्ये फार आढळणारे कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. पाळीत जास्त रक्तस्राव होतो का, हे मुलीला आईने मोकळेपणाने विचारावे. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही शरीरातील लोहाचा साठा कमी असू शकतो. त्यासाठी फेरिटिनची तपासणी असते. मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, कारण थॅलेसेमिया मायनरमध्येही हिमोग्लोबिन कमी दिसते.

दुसरे कारण दमा. खेळताना किंवा खेळ थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकला, छातीत घरघर किंवा आवळल्यासारखे होत असेल तर डॉक्टरांना सांगा. योग्य उपचार घेऊन दम्याचे रुग्ण उत्तम खेळू शकतात.

हे दिसले तर खेळ लगेच थांबवा

- धावताना चक्कर येऊन पडणे किंवा शुद्ध हरपणे
- खेळताना छातीत दुखणे
- अचानक, अनियमित धडधड
- कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे

यांपैकी काहीही असेल तर हृदयाची तपासणी होऊन डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मैदानात उतरू नये. शुद्ध हरपली असेल तर थेट रुग्णालयात न्या.

त्या मुलीचे हिमोग्लोबिन ९ च्याही खाली होते. वर्षभर तिने कोणाला काही सांगितले नव्हते, कारण आपण आळशी आहोत असे तिलाही वाटू लागले होते. तुमच्या घरातला खेळाडू "पाय उचलत नाहीत" म्हणाला, तर रागावण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा: झोप किती झाली आणि काय खाल्लेस? उत्तरे ठीक असूनही थकवा राहिला, तर रक्त तपासून घ्या.