पाच मिलीमीटरचा फंडा!

तुमच्या ऑफिसात गाडीवेडा एक तरी प्राणी असतोच. लंच टाइममध्ये त्याच्या शेजारी बसलात, तर ऑफसेट, कॅम्बर, स्पेसर असे शब्द कानावर पडणारच. यातला स्पेसर दिसायला एकदम साधा. अॅल्युमिनियमची गोल चकती, मध्ये एक मोठं भोक आणि भोवती बोल्टची भोकं. हब आणि चाक यांच्यामध्ये ती बसवली की चाक तेवढं बाहेर सरकतं. गाडी रुंद, दणकट, एकदम 'रेसर' वाटायला लागते. सही ना? पण याच चकतीच्या भरवशावर तुमचं चाक ताशी दीडशेच्या वेगात जागेवर राहणार असतं. तेव्हा जरा सबुरीनं!

हिंजवडीत कोडिंग करणाऱ्या माझ्या एका मित्राकडे पोलो जीटी टीएसआय आहे. ही गाडी भारतात 2022 मध्ये बंद झाली, पण तिच्यावर जीव टाकणारे अजून आहेतच. त्यानं कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे बुक केला. 2.1 किलोमीटरचा, वळणावळणांचा ट्रॅक. त्यासाठी सात इंच रुंदीचे अलॉय आणि जास्त ग्रिपचे टायर घेतले. चाक लावून बघितलं, तर आतली कड सस्पेन्शनच्या स्ट्रटपासून जेमतेम दोन मिलीमीटरवर! वळणात टायर वाकला की घासणार, हे उघड होतं. मग एका दुकानातून 15 मिलीमीटरचे 'युनिव्हर्सल' स्पेसर आले. ते घेऊन आम्ही त्याच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या मामांकडे धडकलो.

आधी आकडेमोड, मग पाना

मामांनी स्पेसर हातात घेतला, उलटसुलट केला आणि बाजूला ठेवला. "ही चकती सगळ्या गाड्यांना बसते म्हणतात ना? म्हणजे कुठल्याच गाडीला नीट बसत नाही," ते म्हणाले.

मग व्हर्निअर निघाला. पोलोच्या हबवर 100 मिलीमीटरच्या वर्तुळात पाच बोल्ट. हबच्या मधल्या उंचवट्याचा व्यास 57.1 मिलीमीटर. चाक मधोमध राहतं ते या उंचवट्यामुळे. स्पेसरचं भोक त्याहून चांगलंच मोठं होतं. म्हणजे चकती इकडेतिकडे हलणार आणि स्टीअरिंग थरथरणार.

आता ऑफसेट. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा भाग यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. मित्राच्या जुन्या सहा इंची रिमवर 40 लिहिलं होतं, नव्या सात इंचीवर 45. एक इंच रुंदी वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना 12.7 मिलीमीटर. त्यात ऑफसेट पाचानं जास्त, त्यामुळे आतली कड 17.7 मिलीमीटर आत गेली. 15 चा स्पेसर लावला, तर बाहेरची कड जुन्यापेक्षा 22.7 मिलीमीटर बाहेर येणार आणि खड्ड्यात फेंडरला घासणार. 5 चा लावला, तर ऑफसेट पुन्हा 40 आणि स्ट्रटपासून सात मिलीमीटर मोकळे. काम झालं!

"पण मामा, ट्रॅक रुंद झाला की गाडी वळणात जास्त चिकटते ना?" मित्राचा शेवटचा प्रयत्न.

चिकटते, पण किती? दोन चाकांमधलं अंतर साधारण 1450 मिलीमीटर धरा. 15 चे दोन स्पेसर म्हणजे 30 मिलीमीटरची वाढ. वळणात आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर सरकणारं वजन त्यानं जेमतेम दोन टक्के कमी होतं. त्या बदल्यात बेअरिंगवर जास्त ताण येतो. शिवाय टायरचा मध्य स्टीअरिंगच्या अक्षापासून लांब जातो आणि ब्रेक मारताना एक चाक खडबडीत कडेवर गेलं, तर स्टीअरिंग हाताला हिसका देतं. कंपनीनं हे अंतर विचार करूनच ठरवलेलं असतं. म्हणून स्पेसर फक्त जागा करण्यासाठी वापरावा, आणि तोही गरजेपुरता.

आट्यांचं गणित

खरा धोका बोल्टमध्ये. स्पेसर जितका जाड, तितका बोल्टचा हबमधला भाग कमी. पाचचा स्पेसर लावून जुनेच बोल्ट आवळले, तर पाच मिलीमीटर पकड गेली. आणि चाक निखळतं ते नेमकं वेगात, जोर असतो तेव्हा. तेव्हा ट्रॅकवर तुम्ही एकटे नसता.

पोलोचे बोल्ट 14 मिलीमीटर व्यासाचे आणि दर आट्याला दीड मिलीमीटर पुढे जाणारे. साधा नियम असा की बोल्ट निदान स्वतःच्या व्यासाइतका आत जायला हवा. म्हणजे हातानं फिरवताना नऊ फेऱ्या तरी मोजता आल्या पाहिजेत. मामांनी प्रत्येक बोल्टच्या फेऱ्या मोठ्यानं मोजल्या. बोल्ट फार लांबही नको, मागे ब्रेकच्या भागाला लागू शकतो.

आणखी एक गोम. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं डोकं जिथे टेकतं तो भाग गोलाकार असतो, बाहेरच्या अलॉयना मात्र बरेचदा शंकूसारखं डोकं लागतं. हे जुळलं नाही तर बोल्ट घट्ट वाटतो, पण बसलेला नसतो.

लावताय? मग हे पाळाच!

• हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढा. चकती सपाट टेकलीच पाहिजे.

• तुमच्याच गाडीच्या सेंटर बोअरचा स्पेसर घ्या. स्पेसरनंतर हबचा उंचवटा चाक धरण्याइतका उरत नसेल, तर स्वतःचा उंचवटा असलेला निवडा.

• एकावर एक दोन स्पेसर? अजिबात नाही.

• बोल्ट चांदणीच्या क्रमानं आवळा, शेवट टॉर्क रेंचनं करा. पोलोसाठी 120 न्यूटन मीटर. नुसत्या एअर गनवर विसंबू नका.

• पहिल्या सेशननंतर चाकं थंड होऊ द्या आणि टॉर्क पुन्हा तपासा.

आणि रस्त्यावर?

इथे मामला गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्यांनाही आयतंच कारण मिळतं. म्हणून मित्रानं शहाणपणा केला. पुणे ते कोइमतूर हजारावर किलोमीटर तो मूळ चाकांवर गेला. मागची सीट पाडून ट्रॅकची चाकं त्यात रचली आणि पिटमध्ये पोचल्यावर बदलली.

पहिल्या सेशननंतर वीसच्या वीस बोल्ट तपासले, तेव्हा दोन बोल्ट किंचित फिरले. रेंच नसता, तर हे कळलंही नसतं. लॅप टाइम कमी झाला, पण त्याचं श्रेय टायरचं. स्पेसरनं एवढंच केलं, की टायर कशालाही न घासता दिवसभर फिरला.

पंधराचे ते स्पेसर सध्या मित्राच्या डेस्कवर आहेत. कॉफीच्या मगाखाली मात्र अगदी फिट्ट बसतात!