हरीण राज्याचे, फाटक मालकाचे

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा बंदुकीचा हंगाम उघडतो आणि शिकारी रानात उतरतात, तेव्हा ते रान बहुतेक वेळा कुणाचे तरी रँच, शेत किंवा इमारती लाकडाची लागवड असते. त्यामुळे तिथे शिकाऱ्याला सर्वांत आधी जागा शोधावी लागते. ती मिळवण्याचा रूढ मार्ग म्हणजे जमीन भाड्याने घेणे. याला तिकडे ‘डिअर लीज’ म्हणतात.

हा व्यवहार समजून घ्यायचा तर आधी मालकीचा प्रश्न पाहावा लागतो. इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क शतकानुशतके जमिनीच्या मालकीला चिकटून राहिला. अमेरिकेने ही गाठ सोडवली. तिथे रानातले हरीण जमीनमालकाचे नसते. ते राज्यातल्या जनतेचे असून सरकार विश्वस्त म्हणून त्याची राखण करते. टेक्सासमध्ये आठ फुटी उंच कुंपणाच्या आत वाढलेले स्थानिक रानहरीणही याला अपवाद नाही. मालकाच्या हाती असतो तो फक्त प्रवेश. परवाना, हंगाम आणि मारायच्या हरणांची मर्यादा राज्य ठरवते. फाटक कुणासाठी उघडायचे ते मालक ठरवतो. भाडेकरू पैसे मोजतो ते आत येण्याचे. हरणाची हमी त्यात नसते, आणि तशी हमी देणाऱ्यापासून सावध राहिलेले बरे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीने हे हरीण अमेरिकेच्या मोठ्या भागातून जवळजवळ नाहीसे झाले होते. पुढे शिकारीचे कायदे कडक झाले. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. टेक्सासमध्ये आणखी एक गोष्ट घडली. स्क्रूवर्म नावाची माशी जनावराच्या उघड्या जखमेत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. नवजात पाडसाची ओली नाळ हे तिचे आवडते ठिकाण. १९६०च्या दशकात वांझ केलेले नर मोठ्या संख्येने सोडून या माशीचा बंदोबस्त करण्यात आला. मोहीम गुरांसाठी होती, पण पाडसेही वाचली. आज टेक्सासमध्ये या हरणांची संख्या पन्नास लाखांच्या घरात आहे.

हरणे वाढली तसा मालकाचा हिशेबही बदलला. दुष्काळात गुरे विकावी लागतात, गोमांसाचे भाव पडतात. शिकारीचे भाडे मात्र बऱ्याच अंशी ठरलेले असते. कित्येक रँचवर ते गुरांच्या उत्पन्नाच्या बरोबरीला येते. १९९५मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि शेतजमिनीला मिळणारी करसवलत वन्यजीव व्यवस्थापनासाठी राखलेल्या शेतजमिनीलाही मिळू लागली. हरीण पीक खाणारे उपद्रवी जनावर न राहता जपण्याजोगे झाले, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे देणे मानावे लागेल. झुडपी रान सरसकट साफ करण्याची किंवा रँचचे तुकडे पाडून विकण्याची घाई त्यामुळे थोडी तरी मंदावते.

भाडेपट्टे अनेक तऱ्हांचे असतात. वर्षभराच्या पट्ट्यात शिकारी कधीही येऊन मचाणांची डागडुजी करू शकतात, वसंतात टर्की आणि एरवी रानडुकरे मारू शकतात. हंगामी पट्टा हरणांपुरता असतो. दिवसाच्या भाड्यावर जाणाऱ्याला फारशी बांधिलकी नसते, पण ओळखीच्या रानाचा फायदाही मिळत नाही. दर ठिकाणाप्रमाणे बदलतो. वर्षाला एकरी १० ते २५ डॉलर हा टेक्सासमध्ये नेहमी ऐकू येणारा पल्ला. हजार एकर १२ डॉलरने घेतले तर १२,००० डॉलर होतात आणि सहा जणांत प्रत्येकी २,०००. एका बंदुकीमागे निदान शंभर-दोनशे एकर असावेत, असा जुन्याजाणत्या शिकाऱ्यांचा आग्रह असतो. कमी जागेत जास्त माणसे कोंबली की हरणे रात्रीची फिरू लागतात आणि गोळीचा धोकाही वाढतो.

जागा शोधायची तर जानेवारी-फेब्रुवारीत. हंगाम नुकताच संपलेला असतो, जुन्या टोळीतला कुणीतरी गळतो आणि एक जागा रिकामी होते. ऑक्टोबरमध्ये धावपळ करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा उरलेसुरलेच येते. चांगल्या जागा जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाहीत. खाद्याचे दुकान, गुरांचा बाजार, पशुवैद्याचा दवाखाना इथल्या बोलण्यातूनच त्या हातोहात जातात. मालकाचे नाव माहीत नसेल तर काउंटीच्या मालमत्ता-मूल्यांकन कार्यालयातले नकाशे सर्वांना पाहता येतात. पूर्व टेक्सासपासून अलाबामापर्यंतच्या पाइनच्या पट्ट्यात लाकूड कंपन्या स्वतःच शिकारी क्लबांना जमीन देतात. मालकाला भेटायला जाताना बंदूक किंवा शिकारीचा वेश नको, आणि परवानगीशिवाय कुंपण तर मुळीच ओलांडू नये. टेक्सासमध्ये झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला की तो ‘प्रवेश बंद’च्या पाटीइतकाच कायदेशीर असतो. हा पट्टा किमान आठ इंच लांब, एक इंच रुंद आणि जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर असावा लागतो.

पैसे देण्याआधी रान पायी फिरून पाहणे अत्यावश्यक. नुसत्या छायाचित्रांवर जमीन घेणारे पुढे हमखास पस्तावतात. दक्षिण टेक्सासच्या झुडपी रानात मेस्किट ही वेड्या बाभळीची सख्खी नातलग आणि फड्या निवडुंग यांची दाटी असते. मध्य टेक्सासच्या टेकड्यांवर ओक. ओकची फळे गळतात तिथे शरदात हरणे जमतात. मनगटाएवढ्या जाडीच्या खोडावर गुडघ्यापासून कमरेपर्यंत साल सोलवटलेली दिसली, तर नराने तिथे शिंगे घासली आहेत. लोंबत्या फांदीखाली खुरांनी उकरलेला मातीचा चट्टा असेल, तर माजावर आलेला नर त्या वाटेने जातो. कुंपणाच्या खालच्या तारेत केस अडकले असतील, तर नेहमीची ये-जा तिथूनच आहे. पाणी कुठे आहे, गुरांनी गवत किती ओरबाडले आहे, शेजारच्या हद्दीला लागून किती मचाणे उभी आहेत, हेही पाहावे लागते. नराचा वावर चौरस मैलभर, म्हणजे ६४० एकरांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे असू शकतो. दोनशे एकरांवर कोवळे नर राखले तरी शेजारी ते टिपत असेल तर राखणे फुकट जाते. म्हणूनच अनेक ठिकाणी शेजारी जमीनमालक एकत्र येऊन सामाईक नियम ठरवतात. वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी विस्कॉन्सिनमधल्या रायली गावी शेतकरी आणि शहरी शिकारी यांना अशाच सहकारी प्रयोगात एकत्र आणले होते.

करार लेखीच हवा, मग मालक कितीही ओळखीचा असो. हद्दीचा नकाशा, मुदत, हप्ते, बंदुकांची संख्या, पाहुण्यांना मुभा, किती नर आणि किती माद्या मारायच्या, झोपडीत वीज-पाणी कोणाचे, वणव्याच्या दिवसांत शेकोटी पेटवायची की नाही, मुदत संपल्यावर मचाणे आणि मक्याची खाद्ययंत्रे कोणी उचलायची, हे सगळे कागदावर यावे. तीच जमीन मालकाने आणखी कुणाला दिलेली नाही ना, हेही त्यात नोंदवून घ्यावे. अपघाताची जबाबदारी हा नाजूक भाग. टेक्सासचा कायदा ठराविक रकमेचा विमा असलेल्या मालकाला नुकसानभरपाईच्या दाव्यांत मर्यादित संरक्षण देतो. तरीही मालक बहुधा शिकाऱ्यांकडून जबाबदारीमुक्तीचे पत्र आणि त्यांचा स्वतंत्र विमा मागतात, आणि ते रास्तच आहे. पण सर्वाधिक पट्टे तुटतात ते साध्या गोष्टींवरून: उघडे राहिलेले फाटक, ओल्या रस्त्यावर गाडीने पाडलेले चर, न सांगता आणलेला मेव्हणा. फाटक जसे सापडले तसेच ठेवायचे. उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. कारण गुरांना पाण्याकडे जाता यावे म्हणून मालकाने ते मुद्दाम उघडे ठेवलेले असू शकते.

पट्टा हाती आला तरी राज्याचे नियम कायम राहतात. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारी-प्रशिक्षण घ्यावे लागते. अनेक काउंट्यांत फाटे असलेल्या शिंगांच्या नराच्या शिंगांमधले आतले अंतर १३ इंच नसेल तर तो मारता येत नाही. दुरून हे ओळखायची खूण म्हणजे कान. सावध नराच्या ताठ कानांच्या टोकांमधले अंतर साधारण तेवढेच असते. शिंगे त्याच्या बाहेर गेली तरच बंदूक उचलायची. कोलोरॅडोत १९६७मध्ये प्रथम लक्षात आलेला आणि टेक्सासमध्ये २०१२मध्ये आढळलेला हरणांचा क्षयकारी रोग हे नवे संकट आहे. त्यावर उपचार नाही, आणि जिथे तपासणीचे किंवा मृत हरणाच्या वाहतुकीचे नियम लागू असतील तिथे ते पट्टेदारालाही पाळावे लागतात.

मराठी वाचकाला चकित करील अशी एक गोष्ट याच रानांत आहे. १९३०च्या आसपास टेक्सासच्या रँचांवर चितळ, काळवीट आणि नीलगाय आणून सोडण्यात आल्या आणि त्या तिथे फोफावल्या. परदेशी जनावरे म्हणून त्यांना बंद हंगाम नाही आणि स्थानिक हरणांसारखी संख्येची मर्यादाही नाही. मालकाच्या संमतीने वर्षभर शिकार चालते. रेहेकुरीच्या अभयारण्यात ज्याला जपले जाते आणि ज्याची शिकार १९७२च्या कायद्याने भारतात गुन्हा आहे, तोच काळवीट तिथल्या दरपत्रकावर असतो.

या पद्धतीची उणीव उघड आहे. वर्षाला दोन-तीन हजार डॉलर मोजणे अनेक कष्टकरी कुटुंबांना परवडत नाही, आणि जनतेच्या मालकीचे हरीण त्यांच्यापासून फाटकाआड राहते. त्यांच्यासाठी राज्य ४८ डॉलरच्या वार्षिक परवान्यावर सुमारे १० लाख एकर सार्वजनिक जमीन खुली ठेवते, शिवाय काही राखीव क्षेत्रांत सोडत काढून शिकारीची संधी देते. सुमारे १७ कोटी एकरांच्या राज्यात हा वाटा अपुराच आहे.