आंबटातही जगणारे जंतू

आंबट पदार्थात जंतू टिकत नाहीत, असे आपण सर्वजण धरून चालतो. लोणच्यात व्हिनेगर, सरबतात सोडियम बेंझोएट घालतात ते याच भरवशावर. आंबट रसात या सौम्य आम्लांचे पुष्कळसे रेणू अखंड राहतात आणि जंतूच्या आवरणातून आत शिरतात. आत आम्लता कमी असल्याने ते तेथे फुटतात, हायड्रोजन आयन मोकळे होतात, आणि जंतूची पेशी आतून आंबू लागते.

परंतु ई. कोलाय स्वस्थ बसत नाही. तो ग्लुटामेट या अमिनो आम्लाचे 'गाबा' नावाच्या द्रव्यात रूपांतर करतो. दर खेपेस एक हायड्रोजन आयन खर्ची पडतो. मग गाबा बाहेर टाकून तो नवे ग्लुटामेट आत घेतो. आधी थोडा आंबटपणा सोसलेला जंतू तर अधिकच चिवट होतो!

१९९१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सफरचंदाचा न तापवलेला रस पिऊन २३ जण आजारी पडले. नंतरच्या प्रयोगात थंड ठेवलेल्या नुसत्या रसात हा जंतू २० दिवस जगला. ०.१ टक्का बेंझोएट घातल्यावर मात्र तो सात दिवसांच्या आत संपला. तरी तेवढे दिवस तो रस धोक्याचाच.

बुद्धपौर्णिमेच्या सरबताचे पाणी आम्ही आधी उकळून घेतो, लिंबावर विसंबत नाही, ते यासाठीच.